फिएराब्रासचा काढा आणि फेलिसियाचे पाणी

जुन्या स्पॅनिश कथांमध्ये दुर्दैवावर कोणते उपाय सांगितले आहेत, हा विषय निघाला की फिएराब्रासचा काढा आणि फेलिसियाचे पाणी ही दोन औषधे हमखास एका माळेत ओवली जातात. दोन्ही जादूची, दोन्ही प्यायची आणि दोन्हींची ‘दोन किहोते’ (डॉन क्विक्झोट) या कादंबरीचा लेखक सर्वान्तेस याने टर उडवली, एवढे सांगून लिहिणारे मोकळे होतात. यातला तिसरा दावा निम्माच खरा आहे, आणि उरलेल्या निम्म्यात सर्वान्तेसचे मर्म आहे.

काढा बहुतेकांना ठाऊक आहे, म्हणून थोडक्यात सांगतो. १६०५ साली आलेल्या ‘दोन किहोते’च्या पहिल्या भागात स्वतःला सरदार समजणारा वेडसर नायक किहोते आपला सेवक सांचो याला बजावतो की, लढाईत माझे दोन तुकडे झाले तर रक्त गोठण्यापूर्वी खाली पडलेला अर्धा भाग खोगिरावरच्या अर्ध्यावर नीट बसवायचा आणि दोन घोट पाजायचे. पुढे एका खाणावळवजा सराईत तो तेल, वारुणी, मीठ आणि रोजमेरी उकळून, वर ऐंशीहून अधिक प्रार्थना पुटपुटून ते औषध सिद्ध करतो. मराठीत त्याला सर्रास ‘मलम’ म्हटलेले पाहिले की माझे डोके उठते, कारण उकळून केलेली आणि घटाघटा प्यायलेली वस्तू आपल्याकडे काढाच असते. किहोते तो पिऊन ओकतो, घाम येऊन झोपतो आणि तीन तासांनी ताजातवाना उठतो. सांचोचे मात्र प्राण कंठाशी येतात, आणि तू सरदार नाहीस म्हणून तुला तो लागू पडला नाही, असे त्याला वर ऐकवले जाते.

फेलिसियाचे पाणी त्याच्याही आधीचे, होर्हे दे मोन्तेमायोर याच्या ‘ला दियाना’ या १५५९ च्या सुमाराच्या गोपकथेतले. एस्ला नदीच्या काठचा मेंढपाळ सिरेनो परगावाहून परततो, तर त्याची दियाना दुसऱ्याची बायको झालेली असते. सिल्व्हानो या दुसऱ्या मेंढपाळाचेही प्रेम दियानावरच आहे. सेल्व्हाहिया या मेंढपाळणीचा जीव आणखी तिसऱ्याच माणसात गुंतलेला आहे. विदुषी फेलिसिया या तिघांना आपल्या महालात पेल्यांतून पाणी पाजते. तिघेही गाढ झोपतात, आणि तिने जागे केल्यावर सिरेनोला दियानाचे काहीच वाटेनासे होते, तर सिल्व्हानो आणि सेल्व्हाहिया एकमेकांच्या प्रेमात पडलेले असतात. पुढे दियाना समोर येते तेव्हा सिरेनो तिच्याशी, वाटेत ओळखीचे माणूस भेटावे तितक्या थंडपणे बोलतो.

काढा तुटलेले शरीर सांधण्याची बढाई मारतो. त्याला हवे तर संजीवनीचा गरीब नातेवाईक म्हणा. पाणी मात्र आपत्तीला हातच लावत नाही, कारण दियानाचे लग्न झालेले ते झालेलेच राहते आणि बदलतो तो फक्त दुःख करणारा माणूस. आपल्या भाषेत याला वशीकरण म्हणतात. म्हणूनच सर्वान्तेस काढ्यावर पोट धरून हसवतो, पाण्याला मात्र कात्री लावायला सांगतो. ‘दोन किहोते’च्या सहाव्या प्रकरणात किहोतेची पुस्तके जाळण्याचा पंचनामा चालू असताना गावचा पाद्री ‘ला दियाना’ वाचवतो, पण फेलिसियाचा आणि मंतरलेल्या पाण्याचा सगळा भाग काढून टाकावा, अशी अट घालतो (लांबलचक कवितांवरही तो गदा आणतो, ज्याबद्दल मी त्याचा ऋणी आहे). पाद्री कारण सांगत नाही. ते बाविसाव्या प्रकरणात सापडते. तिथे साखळदंडातल्या कैद्यांसमोर किहोते म्हणतो की, माणसाची इच्छा स्वतंत्र आहे आणि तिच्यावर बळजबरी करू शकेल अशी वनस्पती किंवा मंत्र जगात नाही. किहोते वेडा, त्याचे काय मनावर घ्यायचे, असे कोणी म्हणेल. पण सर्वान्तेसच्याच १६१३ च्या ‘एल लिसेन्सियादो व्हिद्रिएरा’ या कथेत एक स्त्री एका तरुणाला वशीकरणाचे फळ खाऊ घालते, तेव्हा निवेदक स्वतःच्या तोंडाने हेच सांगतो आणि अशा औषधांना सरळ विष म्हणतो. तो तरुण सहा महिने अंथरुणाला खिळतो आणि उठतो तो आपण काचेचे आहोत अशा समजुतीने.

पाणी हे काळाचे रूपक आहे, असा बचाव हटकून केला जातो. सिरेनोपुरता तो मला मान्य आहे, कारण काळ विसरायला लावतोच. पण शेजारी बसलेल्या माणसावर, त्याच घटकेला, दोघांनीही प्रेम करावे अशी सोय काळ लावून देत नाही, तेव्हा सिल्व्हानो आणि सेल्व्हाहियाच्या बाबतीत हे रूपक कोसळते.

बाकीचे फरक किरकोळ आहेत: काढा कोणीही घरी करावा, पाणी फेलिसियाच्याच हातचे; काढ्याला प्रार्थना लागतात, पाण्याला नाही. काढ्याला बाजारभावही आहे. औषधाचा गुण ऐकताच सांचो, किहोतेने कबूल केलेले बेटाचे राज्य सोडून नुसती कृती मागतो, कारण ते औषध औंसाला दोन रेआलांहून (रेआल हे जुने स्पॅनिश नाणे) जास्त भावाने खपेल, असा हिशेब त्याने मनात मांडलेला असतो.

सर्वान्तेसला मान्य असलेला उपाय ‘दोन किहोते’च्या छत्तिसाव्या प्रकरणात दिसतो. वचन देऊन फसवलेली दोरोतेआ फेर्नान्दोच्या पायांवर पडते आणि त्याने दिलेले शब्द, घेतलेल्या शपथा आणि देवाची साक्ष यांची एकेक करून आठवण देते. तो बराच वेळ तिच्याकडे पाहत राहतो आणि मग बळाने धरून ठेवलेल्या लुसिन्दा या दुसऱ्या तरुणीला आपणहून सोडतो. हे घडते ते त्याच सराईत, जिथे सांचो काढा पिऊन लोळला होता.