लिपोसोमल आणि डेपो इंजेक्शनांची उत्पादन परवानगी: अर्ज नेमका कुठे अडकतो

भोसरी आणि पिरंगुट भागातील लहान औषध कारखान्यांतून एक प्रश्न वारंवार येतो: दुसऱ्या कंपनीच्या लिपोसोमल (औषध मेदाच्या अतिसूक्ष्म पिशव्यांत, म्हणजे लिपोसोममध्ये, भरलेल्या) इंजेक्शनाला मंजुरी मिळून चार वर्षे उलटली असतील, तर आपल्याला राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाकडून थेट परवाना का मिळू नये? तो मिळत नाही. न्यू ड्रग्ज अँड क्लिनिकल ट्रायल्स रूल्स, 2019 प्रमाणे नवीन औषध चार वर्षे नवीन मानले जाते हे खरे. पण त्याच व्याख्येच्या शेवटी औषध सावकाश सोडणारी रूपे (जशी डेपो इंजेक्शने) आणि नव्या वहनप्रणालीची, म्हणजे औषध शरीरात नव्या पद्धतीने पोहोचवणारी औषधे (जशी लिपोसोमल) मात्र कायम ‘नवीन औषध’च राहतील, असे स्पष्ट लिहिलेले आहे. एवढे महत्त्वाचे वाक्य व्याख्येच्या शेपटाशी का ठेवावे, हे नियम लिहिणाऱ्यांनाच ठाऊक! ते नजरेतून सुटल्याने महिनोन्‌महिने वाया घालवलेले अर्जदार मी पाहिले आहेत.

म्हणून आधी सीडीएससीओकडे (केंद्रीय औषध नियंत्रण संस्थेकडे) सीटी-21 नमुन्यात अर्ज करावा, त्यावर सीटी-23 ची परवानगी मिळवावी आणि त्यानंतरच राज्याकडे उत्पादन परवान्यासाठी जावे. नमुने भरणे, शुल्क भरणे ही कामे सरळ आहेत.

खरी अडचण स्थिरता अभ्यासात, म्हणजे औषध साठवणुकीत किती काळ टिकते हे तपासण्यात, येते. फ्रीजमध्ये ठेवायच्या औषधाची त्वरित चाचणी (नेहमीपेक्षा जास्त तापमानात ठेवून केलेली) 25 अंश सेल्सिअस आणि 60 टक्के आर्द्रतेला करायची असते. गोळ्यांच्या सवयीने ती 40 अंशांना लावली, तर लिपोसोम फुटतात आणि सहा महिने फुकट जातात. दीर्घकालीन अभ्यास 5 अंशांना, तीन अंश कमी-अधिक धरून, चालवावा लागतो.

निर्जंतुकीकरणाचा भागही असाच कच्चा राहतो. लिपोसोम उष्णतेने अंतिम निर्जंतुकीकरण सहन करत नाहीत आणि डेपोचे सूक्ष्मगोल 0.22 मायक्रॉनच्या गाळणीतून जातच नाहीत, त्यामुळे सूक्ष्मगोलांची संपूर्ण प्रक्रिया ॲसेप्टिक (सुरुवातीपासून जंतुविरहित) असावी लागते व मीडिया फिलच्या (औषधाऐवजी जंतू वाढवणारे द्रावण भरून घेतलेल्या चाचणीच्या) नोंदी तपशीलवार द्याव्या लागतात. ‘निर्जंतुक केले’ एवढ्या एका ओळीवर सीडीएससीओची क्वेरी येणारच, आणि त्यात अधिकाऱ्यांचा दोष नाही.

कोणाकडेच नसलेला कागद म्हणजे संदर्भ औषधाचा, म्हणजे ज्या मंजूर औषधाशी आपल्या औषधाची तुलना करायची त्याचा, इतिहास. कणांचा आकार, झीटा पोटेन्शियल (कणांच्या पृष्ठभागावरील विद्युतभाराचे माप), मुक्त आणि कोंडलेल्या औषधाचे प्रमाण, प्रयोगशाळेतील विमोचन (औषध बाहेर सुटण्याचा वेग) या सर्व तुलना ज्या कुपीशी केल्या, ती कोणत्या बॅचची, कोठून घेतली आणि पुण्यात पोहोचेपर्यंत 2 ते 8 अंशांत होती का, हे विचारल्यावर खरेदी विभाग गोंधळतो. बिल, बॅच क्रमांक आणि तापमान नोंदवहीची प्रत खरेदीच्या दिवशीच फाइलला लावावी. वर्षभराने वितरक ती देत नाही.

डॉक्सोरुबिसिनसारख्या पेशीघातक कर्करोग औषधाचा जैवसमतुल्यता अभ्यास (आपले औषध शरीरात संदर्भ औषधासारखेच पोहोचते का, याची चाचणी) निरोगी स्वयंसेवकांवर करता येत नाही, तो रुग्णांवरच करावा लागतो, म्हणून कर्करोग रुग्णालय आणि तेथील नोंदणीकृत नैतिकता समिती यांच्याशी बोलणी स्थिरता अभ्यास चालू असतानाच सुरू करावीत.