संदिग्ध वियोग

संदिग्ध वियोग : माणूस आहे की गेला याचा निर्णय लागत नाही आणि तो कधी लागेल याचीही शाश्वती नाही, अशा स्थितीत जवळच्यांना सोसावी लागणारी ताटातूट. वादळात सापडलेली होडी बंदराला परत येत नाही. वैमानिकाचे विमान शत्रूच्या मुलखात पडते, पण मृतदेह हाती येत नाही. रात्री घरातून उचलून नेलेल्या मुलाचे नाव कोणत्याच तुरुंगाच्या वहीत सापडत नाही. याच्या उलट प्रकारही असतो. आई समोर खाटेवर बसलेली असते आणि पोटच्या लेकीला ‘तुम्ही कुणाकडच्या?’ असे विचारते. चारही घरांत माणसांना दोन परस्परविरोधी गोष्टी एकाच वेळी खऱ्या धरून दिवस काढावे लागतात.

ही संकल्पना अमेरिकी कुटुंबोपचारतज्ज्ञ पॉलिन बॉस यांनी १९७० च्या दशकात मांडली. आरंभी त्यांचे लक्ष घरात असूनही नसल्यासारखे वागणाऱ्या वडिलांकडे होते. त्यानंतर व्हिएतनाम युद्धात बेपत्ता झालेल्या वैमानिकांच्या कुटुंबांचा त्यांनी अभ्यास केला. ज्या घरांत बेपत्ता पतीची जागा जशीच्या तशी राखून सारे निर्णय त्याच्या परतण्यावर सोडलेले होते, ती घरे जास्त अडखळत होती. घरात नेमकी माणसे किती, कोणाला धरून आणि कोणाला वगळून, हेच तिथे ठरत नव्हते. मिनेसोटा विद्यापीठातील पुढच्या कामातून बॉस यांनी या वियोगाचे दोन प्रकार स्पष्ट केले. पहिल्यात माणूस देहाने नसतो पण मनातून हलत नाही. दुसऱ्यात देहाने असतो पण मनाने निघून गेलेला असतो. स्मृतिभ्रंश हे दुसऱ्या प्रकाराचे सर्वांत परिचित उदाहरण होय. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाच्या अंदाजानुसार भारतात साठी ओलांडलेल्या सुमारे ८८ लाख लोकांना हा विकार आहे. म्हणजे या दुसऱ्या वियोगात जगणारी घरेही जवळपास तितकीच.

मृत्यू झाला की पुढचे सारे ठरलेले असते : दाखला, दहावा, तेरावा, भेटायला येणारी माणसे, आणि काय बोलावे हेदेखील. संदिग्ध वियोगात यातले काहीच घडत नाही. शेजारी काही दिवस चौकशी करतात, मग रस्त्यात समोरून येताना पाहून न पाहिल्यासारखे करतात. घरात दोन तट पडतात. दीर म्हणतो, आता विधी उरकून टाका. सासू म्हणते, अभद्र बोलू नका. दोघांचेही दुःख खरे असते आणि दोघांनाही समोरचा निर्दय वाटतो. एकाच माणसाच्या मनातही हीच ओढाताण चालते. दार वाजले की काळीज लककन हलते, आणि अजून आशा धरून बसलो याची लाजही वाटते. कधीकधी ‘मृतदेह तरी मिळावा’ अशी इच्छा मनात येते आणि लगेच आपण त्याच्या मरणाची वाट पाहतो आहोत या विचाराने अंगावर काटा येतो. वर्षानुवर्षे शुश्रूषा करणाऱ्या मुलीला ‘सुटेल एकदाची’ असे वाटून जाते. हा विचार ती कोणाजवळ बोलत नाही.

अशा उलटसुलट भावनांचे मूळ बॉस यांनी त्या माणसाच्या मनाच्या घडणीत शोधले नाही. त्यांच्या मते दोष परिस्थितीचा आहे. बाहेरचे सत्यच दुभंगलेले असेल, तर त्याला धरून चालणारे मनही दुभंगणारच. त्यामुळे उपचाराचे उद्दिष्ट एक भावना ठेवून दुसरी पुसणे हे नसते. ‘तो बहुधा गेला, आणि कदाचित येईलही’, ‘आई आहे, आणि माझी आई आता नाही’ अशी जोडवाक्ये उच्चारण्याची मुभा देणे, ही त्यातली पहिली पायरी. आपल्या हातात काय आहे आणि काय नाही याचा अंदाज नव्याने घेणे, नात्यातली आपली जागा पुन्हा ठरवणे आणि एखादा सण बदललेल्या रूपात का होईना साजरा करणे, हे पुढचे. ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यात न्यूयॉर्कमध्ये बेपत्ता झालेल्या, इमारतींची देखभाल करणाऱ्या कामगारांच्या घरच्यांसोबत त्यांनी काम केले, तेव्हा एकेकट्या रुग्णाला खोलीत बोलावण्याऐवजी मुलाबाळांसह कुटुंबे कामगार संघटनेच्या सभागृहात एकत्र बसवली. शोकाचा ‘शेवट’ व्हायलाच हवा ही अपेक्षा बॉस भ्रामक मानतात. अमेरिकी मानसोपचाराच्या निदान-पुस्तिकेत २०२२ पासून ‘प्रदीर्घ शोकविकार’ असे एक निदान आहे, पण त्यात मृत्यू झालेला असणे गृहीत आहे. बेपत्ता माणसाचे घर त्या चौकटीत बसत नाही, आणि बसत नाही हेच बरे, असे म्हणायला जागा आहे.

मराठी इतिहासातील उदाहरण : १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतावर सदाशिवरावभाऊ पडले. रणात सापडलेले शिर नसलेले धड त्यांचे म्हणून ओळखले गेले आणि अवधचा नवाब शुजाउद्दौला याच्या खटपटीने त्यावर अग्निसंस्कारही झाले. तरी पुण्यात शंका राहिलीच. भाऊंच्या पत्नी पार्वतीबाई मोहिमेत सोबत होत्या. पळापळीतून त्या वाचल्या आणि परत आल्यावर त्यांनी वैधव्य पत्करले नाही. पेशव्यांच्या घरातही, जिथे सोवळ्याओवळ्याचे नियम काटेकोर होते, हे चालू दिले गेले. त्यांच्या निधनानंतर दोघांचे उत्तरकार्य एकत्रच झाले, असे इतिहासकार सांगतात.

पुढे भाऊ असल्याचा दावा करणारा तोतया निघाला. चौकशी होऊन तो खोटा ठरला आणि रत्नागिरीला कैदेत पडला. १७७६ मध्ये तिथून सुटून त्याने कोकणातले किल्ले घेतले आणि त्याच्याभोवती फौज जमली. अखेर पकडून पुण्यात त्याला देहान्त शिक्षा देण्यात आली. हे प्रकरण सहसा राजकीय बंड म्हणून सांगितले जाते. ते होतेच. पण नुसत्या लबाडीवर इतकी माणसे उभी राहत नाहीत. पानिपताहून न परतलेल्यांची वाट पाहणारी घरे गावोगाव होती, आणि भाऊ जिवंत असतील तर आपलाही कोणी असू शकतो, हा हिशेब त्या गर्दीत नक्कीच होता.

धर्मशास्त्रातील तरतूद : परदेशी गेलेल्याची वार्ता नसेल तर ठरावीक काळ, बहुधा बारा वर्षे, वाट पाहून पळसाच्या ३६० देठांचा पुतळा करावा, डोक्याच्या जागी नारळ ठेवावा आणि त्याचे दहन करावे, असा विधी धर्मग्रंथांत आहे. तो पालाशविधी या नावाने आजही केला जातो. मात्र त्याला जोडून दिलेली दुसरी तरतूद फारशी कोणाला माहीत नसते. असा माणूस नंतर परत आलाच, तर त्याला तुपात स्नान घालून जातकर्मापासूनचे, म्हणजे जन्माच्या वेळच्या विधीपासूनचे, संस्कार पुन्हा करावेत आणि त्याने आपल्याच पत्नीशी पुन्हा विवाह करावा. ज्यांनी हे नियम रचले त्यांनी मरणाचा विधी सांगतानाच तो उलटवण्याची वाटही लिहून ठेवली होती. एवढा मोकळेपणा आधुनिक कार्यालयांत क्वचित आढळतो.

कायदा : भारतीय साक्ष्य अधिनियम, १८७२ च्या कलम १०८ नुसार, ज्यांना स्वाभाविकपणे खबर मिळाली असती अशांना सात वर्षे एखाद्याची खबर नसेल, तर तो जिवंत असल्याचे सिद्ध करण्याची जबाबदारी तसे म्हणणाऱ्यावर येते. २०२४ पासून लागू झालेल्या नव्या साक्ष्य कायद्यातही ही तरतूद कायम आहे. हिंदू विवाह अधिनियमात जोडीदाराची सात वर्षे खबर नसणे हे घटस्फोटाचे कारण आहे. सर्वोच्च न्यायालयाने २००४ मधील एका आयुर्विमा प्रकरणात स्पष्ट केले की गृहीत धरला जातो तो फक्त मृत्यू, त्याची तारीख नव्हे. मध्यंतरी हप्ते थांबल्याने पॉलिसी बंद पडली असेल, तर पूर्ण विम्याची रक्कम मिळत नाही. थोडक्यात, हरवलेला माणूस जिवंत आहे असे धरून हप्ते भरायचे, आणि सात वर्षांनी तो मेला आहे असे सांगायला कोर्टात जायचे.

आपत्तींमध्ये सरकारला इतके थांबता येत नाही. रायगड जिल्ह्यात इर्शाळवाडीवर १९ जुलै २०२३ च्या रात्री दरड कोसळली. २७ मृतदेह मिळाले आणि ५७ जण बेपत्ता असताना चार दिवसांनी शोध थांबवण्यात आला. चिखल आणि कुजण्याचा धोका पाहता निर्णय समजण्यासारखा होता, पण त्या घरांना विधी मातीच्या ढिगाऱ्याकडे पाहून करावे लागले. १९७१ च्या युद्धात बेपत्ता झालेल्या ५४ भारतीय सैनिकांच्या नातेवाइकांच्या वाट्याला याच्या उलट गोष्ट आली. दशके उलटली तरी नावे यादीतून गेली नाहीत. त्यांत फ्लाइट लेफ्टनंट विजय वसंत तांबे होते. त्यांचे विमान ५ डिसेंबर १९७१ रोजी पाकिस्तानात पडले, तेव्हा लग्नाला दोन वर्षेही झाली नव्हती. त्यांच्या पत्नी दमयंती तांबे बॅडमिंटनमधील राष्ट्रीय विजेत्या आणि अर्जुन पुरस्काराच्या मानकरी. त्यांनी पुन्हा लग्न केले नाही. २००७ मध्ये काही नातेवाइकांना पाकिस्तानातील तुरुंग दाखवण्यात आले, पण कोणीही सापडले नाही.

अर्जेंटिनात लष्करी राजवटीने नाहीशा केलेल्यांच्या माता ३० एप्रिल १९७७ पासून ब्युनोस आयरिसच्या प्लाझा दे मायो चौकात जमू लागल्या. लोकशाही परतल्यावर सामूहिक कबरी उकरण्याचे काम सुरू झाले, तेव्हा त्यांच्यात फूट पडली. काहींना हाडे हवी होती. काहींनी ती नाकारली : ‘जिवंत नेले, जिवंत परत द्या’. मृत्यू मान्य केला की गुन्हेगार सुटतील, अशी त्यांची भीती होती. इथे संदिग्धता सोसण्यापुरती उरली नाही, ती भूमिका झाली.

आक्षेप : हा शब्द आता स्थलांतर, घटस्फोट, दत्तकविधान, साथीचे रोग अशा कशालाही लावला जातो आणि त्यामुळे त्याची धार बोथट झाली आहे. दुसरा आक्षेप अधिक वजनाचा आहे. १९९६ ते २००६ च्या नेपाळी यादवीत बेपत्ता झालेल्यांच्या घरांचा अभ्यास करणाऱ्या सायमन रॉबिन्स यांना आढळले की तिथल्या स्त्रियांचा मोठा जाच मनातल्या द्वंद्वापेक्षा बाहेरचा होता. सिंदूर आणि बांगड्या ठेवल्या तर गाव कुजबुजते, काढल्या तर सासरी मालमत्तेवरचा हक्क डळमळतो. अशा बाईला समुपदेशनाइतकीच गरज असते ती शिधापत्रिकेवरच्या नावाची, जमिनीच्या कागदाची आणि तिच्या कपाळाकडे बोट न दाखवणाऱ्या शेजाराची.