छापखान्याच्या टेबलावरून कॅनव्हासवर: कॅनडाच्या चित्रकलेची पार्श्वभूमी

ओटावाच्या नॅशनल गॅलरीत कॅनडाचे चित्रकार टॉम थॉमसन यांचं 'द जॅक पाइन' आहे. पुढे एकच वाकडातिकडा पाइन, मागे तळं, पलीकडे डोंगर आणि वर आकाशाचे आडवे, जाड फटकारे. फांद्या उजेडावर अशा बसवल्या आहेत की लांबूनही झाडाचा आकार नेमका ओळखू यावा. जवळ गेलं की रंगांच्या फटींतून खाली दिलेला तांबड्या रंगाचा थर डोकावतो. १९१६-१७च्या हिवाळ्यातलं हे चित्र पाहताना पोस्टर आठवतं. ते आठवावंच, कारण हे काढणारा हात अक्षरं रेखाटून आणि जाहिराती मांडून तयार झालेला होता.

त्या काळी टोरांटोत 'ग्रिप' नावाची डिझाइन आणि ब्लॉकमेकिंगची, म्हणजे छपाईचे ठसे बनवण्याची, कंपनी होती. कॅटलॉग, जाहिराती, पुस्तिका, सजवलेली अक्षरं असं सगळं पोटापाण्याचं काम तिथे चाले. जे. ई. एच. मॅकडोनाल्ड तिथले मुख्य डिझायनर. ते लंडनच्या कार्ल्टन स्टुडिओत काम करून १९०७मध्ये परतले होते. थॉमसन १९०९च्या सुमारास आले. आर्थर लिस्मर १९११मध्ये आणि फ्रेड व्हार्ली १९१२मध्ये इंग्लंडमधल्या शेफिल्डहून आले. फ्रँक जॉन्स्टन आणि फ्रँक कारमायकलही तिथेच होते. आठवडाभर टेबलावर काम करायचं आणि सुट्टीच्या दिवशी रंगपेटी घेऊन गावाबाहेर पडायचं, असा या मंडळींचा शिरस्ता होता. मे १९२०मध्ये 'ग्रुप ऑफ सेव्हन' या सात निसर्गचित्रकारांच्या गटाचं पहिलं प्रदर्शन टोरांटोत भरलं, तेव्हा सातांपैकी पाचजण या ग्रिपमधून आलेले होते. सहावे ए. वाय. जॅक्सन, ते मॉन्ट्रियलला बाराव्या वर्षीच लिथो छपाईच्या कंपनीत कामाला लागले होते. सातवे लॉरेन हॅरिस तेवढे शेती-अवजारांच्या मोठ्या उद्योगघराण्यातले, पैशाची चिंता नसलेले. थॉमसन मात्र ग्रुपचं नाव पडण्याआधीच, जुलै १९१७मध्ये, कॅनू लेकमध्ये बुडून गेले.

आपल्याकडे अजूनही 'तो पेंटिंग नाही, कमर्शियल करतो' असं म्हणताना आवाज थोडा खाली येतो. म्हणून हा इतिहास मला फार मोलाचा वाटतो. छपाईच्या कामाने या माणसांना काय शिकवलं ते बघा. रंग मोजकेच मिळणार, तेव्हा प्रत्येकाने काहीतरी बोललं पाहिजे. चित्र लहान करून छापलं तरी कळलं पाहिजे, म्हणजे बाह्यरेषा ठाम हवी. कडेची मोकळी जागासुद्धा रचनेचा भाग धरायची. ही शिस्त घेऊन ते ओंटारिओ प्रांतातल्या अल्गोंक्विनच्या जंगलात गेले. तिथे खडक, बर्फ आणि पाइन यांचे आकार मुळातच ठळक होते. १९१३च्या जानेवारीत मॅकडोनाल्ड आणि हॅरिस यांनी अमेरिकेतल्या बफेलो शहरात स्कँडिनेव्हियन चित्रांचं प्रदर्शन पाहिलं, तेव्हा उत्तरेचा निसर्ग असा रंगवता येतो याची त्यांना खात्री पटली. साधन त्यांच्या हातात आधीपासून होतं.

पुढेही त्यांनी हे काम टाकलं नाही. कारमायकल १९३२पासून ओंटारिओ कॉलेज ऑफ आर्टमध्ये ग्राफिक डिझाइन शिकवू लागले. १९२६मध्ये ग्रुपमध्ये आलेले ए. जे. कॅसन 'सॅम्पसन-मॅथ्यूज' या छपाई कंपनीत चढत चढत उपाध्यक्ष झाले. नाताळची कार्डंही या मंडळींनी आवडीने केली. दुसऱ्या महायुद्धात, १९४२पासून, सॅम्पसन-मॅथ्यूजने नॅशनल गॅलरीच्या साथीने कॅनडाच्या चित्रांचे सिल्कस्क्रीन छाप काढले. प्रत्येक रंगासाठी वेगळी जाळी, एकावर एक थर. हे छाप सैनिकांच्या बराकींत गेले आणि नंतर शाळांमध्ये, बँकांमध्ये लागले. ज्यांनी कधी गॅलरीचं दार पाहिलं नव्हतं, त्यांनाही आपल्या देशाची चित्रं अशी भेटली.

हाताने केलेल्या कार्डाची गोष्ट मात्र टोरांटोपासून लांब, अटलांटिकच्या किनारी नोव्हा स्कोशियात घडते. मॉड लुइस यांना लहानपणापासून सांधेवाताने गाठलं होतं. बोटं वाकलेली, खांदे आखडलेले. आईने त्यांना नाताळची कार्डं रंगवायला शिकवलं. १९३८मध्ये त्यांनी घरोघर मासे विकणाऱ्या एव्हरेट लुइस यांच्याशी लग्न केलं आणि डिग्बीजवळच्या मार्शलटाउनमध्ये एका खोलीच्या घरात संसार थाटला. एव्हरेट मासे घेऊन निघाले की मॉड सोबत कार्डं घ्यायच्या. किंमत पंचवीस सेंट. गिऱ्हाइकांना ती आवडली आणि तिथून पाट्यांवरची चित्रं सुरू झाली.

त्यांची रीत साधी होती. आधी पांढऱ्या रंगाचा थर, मग बाह्यरेषा, मग ट्यूबमधून निघेल तसाच रंग. दोन रंग एकमेकांत मिसळायचे नाहीत. हात फार फिरत नसल्यामुळे बरीचशी चित्रं २० बाय २५ सेंटिमीटरच्या आतली. बैलजोड्या, मांजरं, बर्फातली घसरगाडी, फुलं. कागद आणि पाट्या पुरल्या नाहीत म्हणून की काय, भिंती, दार, ब्रेडचा डबा, चूलसुद्धा त्यांनी रंगवून काढली. ते अख्खं घर आज हॅलिफॅक्सच्या आर्ट गॅलरी ऑफ नोव्हा स्कोशियात आहे. १९७०मध्ये त्या गेल्या. त्यानंतर थोड्याच वर्षांत त्यांचं काळ्या ट्रकचं एक चित्र ओंटारिओतल्या एका उपाहारगृहात ग्रिल्ड चीज सँडविचच्या बदल्यात दिलं गेलं होतं. तेच २०२२च्या लिलावात साडेतीन लाख कॅनेडियन डॉलरला गेलं. आकड्याने डोळे दिपतात, पण मला त्या चित्रातली सपाट, न मिसळलेली रंगांची पट्टी जास्त बोलकी वाटते. कार्डावर बसलेला हात मोठ्या पाटीवरही बदलला नव्हता.

आर्क्टिकमधल्या किन्गाइत, म्हणजे तेव्हाच्या केप डॉर्सेट, या गावातल्या छापचित्रांची सुरुवात तर सिगारेटच्या पाकिटातून झाली. कलाकार जेम्स ह्यूस्टन तिथे राहत होते. त्यांनी सांगितलंय की १९५७च्या हिवाळ्यात इनुइट या तिथल्या मूळ रहिवासी समाजातले शिल्पकार ओसुइटोक इपीली दोन पाकिटांवरचे खलाशाचे चेहरे न्याहाळत होते. तोच चेहरा प्रत्येक पाकिटावर पुन्हा पुन्हा काढायला माणसाला किती कंटाळा येत असेल, असं ते म्हणाले. छपाई कशी असते हे दाखवायला ह्यूस्टननी ओसुइटोक यांनीच कोरलेल्या वॉलरसच्या सुळ्यावर शाई लावली आणि पातळ कागद दाबून उचलला. पुढच्या वर्षी ह्यूस्टन वुडकट, म्हणजे लाकडी ठशावरची छपाई, शिकायला जपानला गेले. १९५९पासून किन्गाइतचे छापसंग्रह दरवर्षी निघू लागले. तिथल्याच चित्रकार केनोजुआक आशेवाक यांचं १९६०चं 'द एन्चँटेड आउल' दगडी ठशावरून छापलं गेलं. एकूण ५० प्रती, निम्म्यांवर शेपूट लाल, निम्म्यांवर हिरवी. १९७०मध्ये ते घुबड कॅनडाच्या टपाल तिकिटावर आलं.

त्याच किन्गाइतमध्ये ॲनी पूटूगुक यांनी रंगीत पेन्सिलींनी आपल्या घरांतलं रोजचं जगणं काढलं: टीव्ही, भिंतीवरचं घड्याळ, जमिनीवर बसून चाललेलं जेवण. २००६मध्ये त्यांना सोबी आर्ट अवॉर्ड हा कॅनडातला कलापुरस्कार मिळाला. त्यांच्या 'केप डॉर्सेट फ्रीझर' या २००५च्या चित्रात गावातल्या दुकानाचा लांबलचक फ्रीझर आहे, समोर माणसं उभी आहेत, आणि काचेमागे दक्षिणेकडून आलेली छापील पाकिटं ओळीने रचलेली आहेत. ॲनी यांनी ती एक एक करून हाताने काढली आहेत.