विमान कुणाचं? लंडन–न्यूयॉर्क तिकिटामागची ऐंशी वर्षं

लंडनहून न्यूयॉर्कचं तिकीट शोधायला बसलं, की हीथ्रोवरून संध्याकाळी सुटणारं एकच विमान यादीत तीन-चार वेळा दिसतं. फ्लाइट नंबर वेगळा, कंपनीचं नाव वेगळं, कधी कधी भाडंही वेगळं. विमान तेच, खुर्च्या त्याच, जेवणाचा ट्रेही तोच. नव्याने प्रवास करणाऱ्याला वाटतं, केवढे पर्याय आहेत! मलाही तसंच वाटायचं.

माझी ताई न्यू जर्सीत एडिसनला राहते, मी लंडनजवळ. एकदा तिच्याकडून परत येताना माझं विमान पाच तास उशिरा पोहोचलं. कारण तांत्रिक बिघाड, म्हणजे कंपनीचीच जबाबदारी. तिकीट मी एका ब्रिटिश कंपनीच्या वेबसाइटवर काढलं होतं. एवढ्या लांबच्या प्रवासात चार तासांहून जास्त उशीर झाला तर ब्रिटिश कायद्याप्रमाणे ५२० पौंड भरपाई मिळते, म्हणून अर्ज केला. उत्तर आलं, की विमान आमच्या अमेरिकी भागीदार कंपनीचं होतं, त्यामुळे भरपाई लागू नाही. कायदा वाचल्यावर कळलं की त्यांचं बरोबर होतं. ब्रिटनमधून निघणाऱ्या विमानाला हा नियम लागतोच, मग कंपनी कुठल्याही देशाची असो. ब्रिटनकडे येणारं विमान मात्र ब्रिटिश किंवा युरोपीय कंपनीने चालवलेलं असेल तरच नियम लागतो. तिकिटावर नाव कुणाचं आहे याने काही फरक पडत नाही. ताई म्हणाली, "अगं, तिकीट कुणाचं ते नंतर. आधी विमान कुणाचं ते बघत जा."

तिचा हा प्रश्न साधा वाटला तरी अटलांटिकवर त्याचं उत्तर ऐंशी वर्षं सरकारांच्या करारांनी ठरवलं आहे.

सुरुवात फेब्रुवारी १९४६ मध्ये बर्म्युडा बेटावर झाली. दुसरं महायुद्ध नुकतंच संपलं होतं. अमेरिकेकडे मोठी विमानं, पैसा आणि अनुभव होता. ब्रिटनकडे साम्राज्यभर पसरलेले विमानतळ होते. अमेरिकेला आकाश मोकळं हवं होतं. ब्रिटनला भीती होती की तसं झालं तर अमेरिकी कंपन्या सगळंच गिळून टाकतील. तडजोड अशी झाली की कुठल्या शहरांमध्ये विमानं जातील ते करारात लिहायचं आणि भाडी विमान कंपन्यांच्या ‘आयाटा’ या संघटनेने ठरवायची, दोन्ही सरकारांच्या मंजुरीने. लंडनच्या बाजूला तेव्हा हीथ्रो कसं होतं, तर प्रवाशांसाठी तंबू ठोकलेले होते. आत आरामखुर्च्या आणि फुलदाण्या मांडून शोभा आणली होती, पण पाऊस पडला की बाहेर चिखल.

भाडं सगळ्यांचं सारखंच, मग प्रवाशाने कंपनी निवडायची कशावर? जेवणावर आणि आदरातिथ्यावर. त्यातून घडलेला १९५८ चा एक प्रसंग मला फार बोलका वाटतो. त्या वर्षी एप्रिलमध्ये स्वस्त ‘इकॉनॉमी’ वर्ग सुरू झाला आणि त्यात गरम जेवण द्यायचं नाही, फक्त साधं सँडविच द्यायचं, असा नियम झाला. स्कँडिनेव्हियन आणि इतर काही युरोपीय कंपन्यांनी पावाच्या कापावर मांस, मासे, चीज, भाज्या रचून असं काही ‘सँडविच’ दिलं की ते भरलेलं ताटच झालं. अमेरिकेच्या पॅन ॲम कंपनीने तक्रार केली. आयाटाची बैठक बसली आणि सँडविचची व्याख्या झाली: थंड असावं, साधं असावं, स्वस्त असावं आणि त्यात पाव ठळकपणे दिसला पाहिजे. ज्या बाजारात भाड्यावर स्पर्धा करायला बंदी असते, तिथे भांडण पावाच्या तुकड्यावर येऊन पोहोचतं.

१९५८ हे वर्ष आणखी एका कारणाने मोठं. ४ ऑक्टोबरला ब्रिटनच्या बीओएसी या सरकारी विमान कंपनीने कॉमेट विमानांनी अटलांटिकवरची पहिली जेट सेवा सुरू केली आणि साधारण तीन आठवड्यांनी पॅन ॲमची बोइंग ७०७ न्यूयॉर्कहून पॅरिसला निघाली. मान पहिलेपणाचा ब्रिटनला मिळाला, बाजार मात्र मोठ्या ७०७ ने नेला. त्याच सुमाराला बोटीपेक्षा विमानाने अटलांटिक ओलांडणाऱ्यांची संख्या जास्त झाली.

या गर्दीत आपल्या मुंबईचंही एक विमान होतं. एअर इंडियाने १९४८ मध्ये मुंबई–लंडन सेवा सुरू केली होती. मे १९६० मध्ये तीच वाट ७०७ विमानांनी पुढे न्यूयॉर्कपर्यंत नेली. लंडनमध्ये काही प्रवासी उतरत, काही नवे चढत. एका देशाच्या कंपनीने दुसऱ्या दोन देशांमध्ये प्रवासी न्यायचे, याला करारांच्या भाषेत ‘पाचवं स्वातंत्र्य’ म्हणतात. त्यामुळे लंडनहून न्यूयॉर्कला जाणाऱ्याला एअर इंडियाचं तिकीट काढणं हा पुढे कित्येक वर्षं खराखुरा पर्याय होता.

जानेवारी १९७० मध्ये पॅन ॲमचं पहिलं जंबो, बोइंग ७४७, न्यूयॉर्कहून हीथ्रोला आलं. ठरलेल्या विमानाचं इंजिन तापलं, म्हणून दुसरं आणावं लागलं आणि निघायला काही तास उशीर झाला. साडेतीनशे खुर्च्यांचं विमान भरायचं तर भाडं उतरायला हवं होतं. पण नियम जुनेच होते.

ही कोंडी फोडणारा माणूस म्हणजे ब्रिटिश विमान उद्योजक फ्रेडी लेकर. त्याची कल्पना अशी, की आगाऊ आरक्षण नाही, जेवण हवं तर पैसे देऊन घ्या, त्याच दिवशी तिकीट काढा आणि बसा, अगदी रेल्वेसारखं. म्हणून नाव ‘स्कायट्रेन’. अर्ज १९७१ मध्ये केला, परवाना १९७२ मध्ये मिळाला, पण पुढे सरकारने धोरण बदलून तो निरुपयोगी करून टाकला. लेकर कोर्टात गेला. अपील कोर्टाने सरकारविरुद्ध निकाल दिला आणि २६ सप्टेंबर १९७७ ला लंडनच्याच गॅटविक विमानतळावरून पहिलं स्कायट्रेन उडालं. एका बाजूचं भाडं ५९ पौंड. तिकिटासाठी माणसं रांगा लावून फुटपाथवर रात्र काढायची. अमेरिका पाहणं आपल्या ऐपतीतलं नाही असं मानणारे विद्यार्थी, शिक्षक, कामगार त्या रांगांत होते. मला लेकरबद्दल मनापासून आदर आहे, तो त्या रांगांमुळे. मोठ्या कंपन्यांनीही मग भाडी उतरवली. पुढे मंदी, पौंडाची घसरण आणि डॉलरमधलं कर्ज यांत लेकर सापडला आणि ५ फेब्रुवारी १९८२ ला त्याची कंपनी बुडाली. संगनमताने भाडी पाडून आपल्याला संपवलं, असा दावा मोठ्या कंपन्यांविरुद्ध अमेरिकी कोर्टात दाखल झाला. तो १९८५ मध्ये पैसे देऊन मिटवण्यात आला.

गंमत म्हणजे लेकरचं पहिलं विमान उडालं त्याच वर्षी दोन्ही सरकारांनी नवा करार केला आणि तो आधीपेक्षाही आवळलेला निघाला. ‘बर्म्युडा दोन’ म्हणून तो ओळखला जातो. हीथ्रोवरून अमेरिकेला कुणी जायचं ते त्यात जवळजवळ नावानिशी ठरलं: अमेरिकेकडून पॅन ॲम आणि टीडब्ल्यूए, ब्रिटनकडून ब्रिटिश एअरवेज. बाकीच्यांनी गॅटविकवर जायचं. व्यवसायासाठी फिरणारे, म्हणजे महागडं तिकीट काढणारे, हीथ्रो सोडायला तयार नसत. त्यामुळे हीथ्रोचा हक्क म्हणजे सोन्याची खाण होती. १९८४ मध्ये व्हर्जिन अटलांटिकने भाड्याने घेतलेल्या एका जंबोवर न्यूयॉर्कजवळच्या न्यूअर्कची सेवा सुरू केली, तीही गॅटविकवरूनच. १९९१ मध्ये पडझडीत सापडलेल्या पॅन ॲमने आपले हीथ्रोचे मार्ग युनायटेडला विकले, टीडब्ल्यूएने अमेरिकन एअरलाइन्सला. त्याच वर्षी व्हर्जिनलाही हीथ्रोचं दार उघडलं. डिसेंबरात पॅन ॲम बंद पडली.

तेव्हापासून सतरा वर्षं हीथ्रो–अमेरिका मार्गावर दोन्ही देशांच्या मिळून चारच कंपन्या होत्या. ब्रिटिश एअरवेज आणि व्हर्जिन यांच्यातली चुरस इतकी कडवट झाली की प्रकरण अब्रुनुकसानीच्या खटल्यापर्यंत गेलं. जानेवारी १९९३ मध्ये ब्रिटिश एअरवेजने माफी मागून नुकसानभरपाई दिली. प्रवाशांचा या चुरशीत फायदाच झाला. समोरच्या खुर्चीमागे छोटा टीव्ही, इकॉनॉमी आणि बिझनेस यांच्या मधला वर्ग आणि २००० च्या सुमारास बिझनेस वर्गात पूर्ण आडवी होणारी खुर्ची, हे सगळं याच काळातलं. न्यूयॉर्कहून लंडनला येणारी बहुतेक विमानं रात्रीची. उंचावर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारा जेट स्ट्रीमचा जोरदार वारा पाठीशी असल्याने प्रवास सहा-साडेसहा तासांत संपतो, म्हणजे झोपायला जेमतेम चार तास. त्या चार तासांच्या झोपेसाठी कंपन्या पाण्यासारखा पैसा ओतत होत्या. फेब्रुवारी २०२० मधल्या एका वादळाच्या रात्री तर वाऱ्याने एक जंबो ४ तास ५६ मिनिटांत हीथ्रोवर आणून सोडलं होतं.

आवाजाहून वेगाने उडणाऱ्या काँकॉर्ड विमानाबद्दल लिहायचं तर वेगळा लेख लागेल. न्यूयॉर्कची त्याची सेवा नोव्हेंबर १९७७ ते ऑक्टोबर २००३ अशी चालली, प्रवास साडेतीन तासांचा, खुर्च्या शंभर. सामान्य प्रवाशाच्या निवडीत ते कधीच नव्हतं.

मोठा बदल ३० मार्च २००८ ला झाला. युरोपीय संघ आणि अमेरिका यांच्यातला मुक्त आकाश करार लागू झाला आणि बर्म्युडा दोन इतिहासजमा झाला. आता कुणीही हीथ्रोवरून अमेरिकेला जाऊ शकत होतं. पण हीथ्रोवर जागा कुठे होती? धावपट्ट्या दोनच आणि उडणारी-उतरणारी विमानं मिळून वर्षाला ४,८०,००० फेऱ्यांची मर्यादा. विमान उतरवायची आणि उडवायची ठरलेली वेळ, म्हणजे स्लॉट, नसेल तर करारातला हक्क कागदावरच राहतो. काँटिनेंटल एअरलाइन्सने स्लॉटच्या चार जोड्यांसाठी २०.९ कोटी डॉलर मोजले. आधी हक्क सरकार देत होतं, आता तो विकत घ्यावा लागत होता. फक्त बिझनेस वर्गाची विमानं चालवणाऱ्या तीन छोट्या कंपन्या, ईऑस, मॅक्सजेट आणि सिल्व्हरजेट, लंडनजवळच्या स्टॅनस्टेड आणि ल्यूटन विमानतळांवरून प्रयत्न करत होत्या. डिसेंबर २००७ ते मे २००८ या सहा महिन्यांत तिन्ही बुडाल्या.

आणि मग आली ती व्यवस्था जिच्यामुळे एकच विमान चार नावांनी दिसतं. अमेरिकी कायद्याप्रमाणे परदेशी मालकाला तिथल्या विमान कंपनीत २५ टक्क्यांहून जास्त मताधिकार घेता येत नाही. म्हणजे ब्रिटिश आणि अमेरिकी कंपनीचं विलीनीकरण अशक्य. म्हणून त्यांनी दुसरी वाट काढली: कंपन्या वेगळ्या ठेवायच्या, पण अटलांटिकवरचं वेळापत्रक, भाडी आणि उत्पन्न एकत्र करायचं. स्पर्धकांनी असं एकत्र बसून भाडं ठरवणं एरवी बेकायदा, पण सरकारने खास सूट दिली की चालतं. ब्रिटिश एअरवेज आणि अमेरिकन यांचे आधीचे प्रयत्न फसले होते. २०१० मध्ये, हीथ्रोचे थोडे स्लॉट प्रतिस्पर्ध्यांना द्यायच्या अटीवर, त्यांना परवानगी मिळाली. अमेरिकेच्या डेल्टाने व्हर्जिनमधला ४९ टक्के हिस्सा सिंगापूर एअरलाइन्सकडून घेतला आणि २०१४ पासून त्या दोघींचाही संयुक्त कारभार सुरू झाला. युनायटेडची जोडी लुफ्तान्झा आणि एअर कॅनडाशी आहे.

म्हणजे पडद्यावर नावं दहा दिसली तरी लंडन–न्यूयॉर्कवर प्रामुख्याने तीनच गट आहेत. गटाबाहेर राहून टिकणं अवघड, हे नॉर्वेजियन या विमान कंपनीने दाखवलं. २०१४ पासून गॅटविकहून स्वस्त भाड्यात ड्रीमलायनर (बोइंग ७८७) विमानं चालवली, तुफान प्रवासी मिळाले, पण जानेवारी २०२१ मध्ये लांब पल्ल्याची सेवाच बंद करावी लागली. त्यानंतर नॉर्स अटलांटिकने तशाच विमानांनी पुन्हा गॅटविकची वाट धरली. अमेरिकेची जेटब्लू ऑगस्ट २०२१ मध्ये हीथ्रोवर उतरली ती खुर्च्यांमधून चालायला एकच वाट असलेल्या छोट्या एअरबस विमानाने, करोनामुळे स्लॉट मोकळे पडले होते तेव्हा. तिच्या येण्याने बिझनेस वर्गाची भाडी हलली, हे तिकिटं शोधणाऱ्या कुणालाही जाणवलं असेल.

गटाचं तिकीट वाईट असतं असं माझं म्हणणं नाही. एक फेरी चुकली तर भागीदाराच्या पुढच्या विमानात बसवतात, आणि सहसा दोघांची टर्मिनलंही एकच असतात. पण बुकिंग करताना फ्लाइट नंबरखाली बारीक अक्षरांत ‘चालवणारी कंपनी’ लिहिलेली असते, ती ओळ मी आता आधी वाचते. खुर्ची किती रुंद, सामान किती, शाकाहारी जेवण कुठल्या पद्धतीचं आणि उशीर झाला तर कायदा कुठला, हे बहुतांशी त्या ओळीवर ठरतं. ब्रिटनहून जाताना मी कुठल्याही गटाचं विमान घेते. येताना मात्र ब्रिटिश किंवा युरोपीय कंपनीचं शोधते.

या वर्षी आई पुण्याहून माझ्याकडे येणार आहे, मग आम्ही दोघी ताईकडे जाऊ. आईचं वय चौऱ्याहत्तर, रात्रभर खुर्चीत बसून सकाळी हीथ्रोच्या रांगेत उभं राहणं तिला झेपत नाही. न्यूयॉर्कहून सकाळी निघून रात्री लंडनला पोहोचणारी विमानं मोजकीच आहेत. दाजींना पहाटे चारला उठून आम्हाला विमानतळावर सोडावं लागेल, त्यांची तयारी आहे. भाडं रात्रीच्या विमानापेक्षा थोडं जास्त दिसतंय. तेच काढते आहे.