डब्याच्या मागचे आकडे: जुन्या जर्मन गाडीचे ऑइल आणि फिल्टर

ऑइलच्या डब्यावर पुढे '५डब्ल्यू-४०' असे ठळक छापलेले असते आणि बहुतेक गिऱ्हाइके तेवढेच बघून पैसे देतात. जुनी जर्मन गाडी बाळगणारा मात्र डबा उलटा करतो. मागे बारीक अक्षरांत एसीईए ए३/बी४, एमबी २२९.५, व्हीडब्ल्यू ५०२ ००, बीएमडब्ल्यू लाँगलाइफ-०१ अशी रांग असते. ती जाहिरात वाटते, पण त्यातले बरेचसे आकडे कुठल्या ना कुठल्या इंजिनच्या दुखण्यातून आले आहेत. आपल्या गाडीच्या वेळचे दुखणे कोणते होते, हे कळले की निवड निम्मी झाली.

सुरुवातीला मोजायचा तो फक्त घट्टपणा. अमेरिकेतल्या एसएई या अभियंत्यांच्या संस्थेने १९११ मध्ये ऑइलची घट्ट-पातळ अशी प्रतवारी लावली. पुढे त्यात हिवाळ्यासाठी 'डब्ल्यू' आले. थंडी-उन्हाळा दोन्हींना चालणारे 'मल्टिग्रेड' ऑइल रुळेपर्यंत जर्मनीत थंडीला एक ऑइल आणि उन्हाळ्याला दुसरे, असा शिरस्ता होता. फोक्सवॅगन बीटलच्या हवेवर थंड होणाऱ्या इंजिनात तर ऑइल फिल्टर नव्हताच. खाली तारेची एक जाळी आणि अडीच लिटर ऑइल, एवढाच संसार. दर पाच हजार किलोमीटरला ऑइल सोडायचे, जाळी धुवायची, परत बसवायची. घाण अडवण्यापेक्षा ती ऑइलबरोबर बाहेर काढून टाकायची, असा तो सरळ हिशोब. आजही बीटलवाल्याने महागड्या ऑइलपेक्षा लवकर बदललेल्या ऑइलवर पैसे घालवावेत, असे माझे मत आहे.

डिझेलला हा हिशोब परवडत नाही, कारण काजळी. मर्सिडीजने डब्ल्यू१२३ या गाडीतल्या डिझेल इंजिनांना दुहेरी फिल्टर दिला. एकाच नळकांड्यात दोन भाग: एकातून सगळे ऑइल जाते, तर दुसऱ्या, जास्त बारीक भागातून थोडे थोडे ऑइल सावकाश गाळले जाते. म्हणून या इंजिनांसाठी 'बसतोय ना, मग चालेल' म्हणत कुठलाही फिल्टर घालणे चूक. आतला बारीक भाग नसेल तर काजळी फिरतच राहते.

या डिझेल इंजिनांच्या घराण्याचा आपल्याशी जवळचा संबंध आहे. डब्ल्यू१२३ च्या २४० डी मॉडेलमधले २.४ लिटरचे ओएम६१६ इंजिन पुण्याच्या आकुर्डीत बजाज टेम्पोने परवान्याखाली बनवले आणि ट्रॅक्स व ट्रॅव्हलरमध्ये घातले. महाराष्ट्राच्या गावोगावी वडापची ट्रॅक्स ज्या इंजिनावर धावली, ते स्टुटगार्टच्या टॅक्सीचेच इंजिन. त्याला कसले ऑइल हवे, हे आपल्याकडच्या मेकॅनिकला पुस्तक न उघडताही ठाऊक होते: ट्रकचे १५डब्ल्यू-४०. मर्सिडीजच्या यादीत हीच ऑइले २२८ च्या मालिकेत येतात आणि या जुन्या डिझेलना ती आजही मानवतात. गाडी महागाची म्हणून ऑइलही महागाचे, हा नियम इथे लागू होत नाही.

खरे वळण आले १९८० च्या दशकाच्या मध्यावर. जर्मनीत चांगल्या सांभाळलेल्या पेट्रोल गाड्यांची इंजिने उघडली, तर वर डांबरासारखा काळा गाळ साचलेला. कधी महामार्गावर तासन्‌तास दामटणे, कधी शहरातली थंड इंजिनाची छोटी धाव, त्यात ऑइल बदलण्याची वाढवलेली मुदत आणि पिस्टनच्या बाजूने खाली उतरणारे जळके वायू. गाळाने ऑइलच्या वाटा बुजल्या की इंजिन वरच्या बाजूने कोरडे पडते. मर्सिडीजच्या चार सिलिंडरच्या एम१०२ इंजिनावर मग गाळाची चाचणीच बेतली गेली. त्या काळापर्यंत मुख्यतः घट्टपणा आणि एपीआय या अमेरिकी पेट्रोलियम संस्थेची अक्षरे पाहून ऑइल घेतले जाई. इथून पुढे जर्मन कंपन्यांचे स्वतःचे आकडे वजनदार झाले. युरोपातल्या कार कंपन्यांची एसीईए ही संघटना १९९१ मध्ये उभी राहिली आणि १९९६ मध्ये तिने ऑइलचे वर्ग ठरवले.

त्यातला ए३/बी४ हा वर्ग जुन्या जर्मन गाडीच्या मालकाने पाठ करावा. त्याची मुख्य अट अशी, की १५० अंश सेल्सिअसला, जोराच्या घर्षणातही, ऑइलचा घट्टपणा ३.५ मिलिपास्कल-सेकंदाच्या खाली जाता कामा नये. बेअरिंगवरचा थर टिकतो तो यामुळे. उलट, अलीकडचे व्हीडब्ल्यू ५०८ ०० हे ०डब्ल्यू-२० ऑइल इंधन वाचवण्यासाठी मुद्दाम पातळ केले आहे. चुकून दुसरीकडे ओतले जाऊ नये म्हणून त्याला हिरवट रंगही दिला आहे. ते नवे म्हणून चांगले असेल, पण १९९० च्या गाडीसाठी नाही.

फोक्सवॅगनची एक गोष्ट सांगायलाच हवी. १९९८ पासून त्यांच्या डिझेल गाड्यांत 'पंप-नोझल' इंजिने आली. यात प्रत्येक सिलिंडरचा इंजेक्टर थेट कॅमशाफ्टच्या, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्याच्या, उंचवट्याने दाबला जातो आणि डिझेल सुमारे दोन हजार बारच्या दाबाने फवारले जाते. त्याच शाफ्टवर जास्तीचा उंचवटा बसवायचा म्हटल्यावर व्हॉल्व्हचे उंचवटे अरुंद झाले, त्यांच्यावरचा भार वाढला आणि साध्या ऑइलवर ते झिजू लागले. त्यावरचा उतारा म्हणजे व्हीडब्ल्यू ५०५ ०१. आपल्याकडे हा फरक नेमका एकाच कंपनीच्या दोन गाड्यांत दिसतो. २००१ मध्ये आलेल्या, तेव्हाच्या औरंगाबादजवळच्या शेंद्र्यातल्या स्कोडा ऑक्टाव्हियाच्या १.९ लिटरच्या टीडीआय डिझेल इंजिनात जुना फिरता पंप होता, तिला ५०५ ०० पुरते. पुढे आलेल्या लॉराच्या १.९ मध्ये पंप-नोझल, म्हणून तिला ५०५ ०१ च. इंजिनचा आकार तोच, बॅजही तोच. 'दोन्ही १.९ च की' म्हणून एकच डबा दोघींत रिकामा करणाऱ्यांनी लॉराच्या कॅमशाफ्टचे पैसे मोजले आहेत.

एकविसाव्या शतकाच्या तोंडावर 'लाँगलाइफ'ची लाट आली. फोक्सवॅगनने पेट्रोल गाड्यांना दोन वर्षे किंवा तीस हजार किलोमीटरपर्यंतची मुदत दिली. १.८ टर्बो पेट्रोल इंजिनात मात्र पुन्हा गाळच निघाला. गाडीच्या लांबीच्या दिशेने बसवलेल्या त्याच्या आवृत्तीत ऑइलही कमी मावायचे आणि फिल्टरही लहान होता. कंपनीला अमेरिकेत हमी वाढवून द्यावी लागली आणि जाणकार मालक डिझेलचा मोठा फिल्टर लावू लागले. लांब मुदत विसरा, हे माझे जुन्या टर्बोवाल्यांना सांगणे. भारतातल्या धुळीत आणि ट्रॅफिकमध्ये दहा हजारांच्या पुढे जाऊ नये.

नंतरची, राख कमी असलेली एसीईएच्या सी३ वर्गातली ऑइले डिझेलच्या धुरातली काजळी अडवणाऱ्या फिल्टरसाठी आली. जुन्या गाडीत तो नसतो, म्हणून तिला सी३ लागत नाही. इंधनात गंधक जास्त असताना तर ते टाळावेच असे म्हणत, कारण गंधकातून होणारे आम्ल मारायला ऑइलमध्ये दम लागतो. बीएस-६ पासून, म्हणजे एप्रिल २०२० पासून, आपल्याकडचे इंधन १० पीपीएम गंधकाचे झाले, त्यामुळे ही भीती बरीच ओसरली आहे. झिंकचेही तसेच. 'नव्या ऑइलमधले झीज रोखणारे झिंक काढून टाकले' अशी ओरड होते. झिंकच्या त्या मिश्रणात फॉस्फरसही असतो, पण एपीआयच्या 'एसएम' वर्गाची २००४ ची फॉस्फरसची मर्यादा ५डब्ल्यू-३० सारख्या पातळ ग्रेडपुरती होती. १५डब्ल्यू-४० किंवा २०डब्ल्यू-५० ला ती लागू नव्हती.

राहिला फिल्टरचा डबा. मधल्या काळातला पत्र्याचा, पिळून बसवायचा फिल्टर १९९० च्या सुमारास जर्मनांनी पुन्हा मागे सारला. बीएमडब्ल्यूच्या एम५० इंजिनापासून घर कायमचे आणि आतली कागदी घडी तेवढी बदलायची, अशी पद्धत आली. पत्र्याचा कचराही वाचला. घडीबरोबर खोक्यात झाकणाचा रबरी ओ-रिंगही येतो आणि गॅरेजमध्ये कित्येकदा तोच पडून राहतो, कारण जुना 'अजून चांगला आहे'. बऱ्याच झाकणांवर २५ एनएम (न्यूटन-मीटर) असा कसण्याचा आकडा कोरलेला असतो. तरीही पाना हाताच्या अंदाजानेच फिरतो, आणि प्लॅस्टिकचे झाकण पुढच्या सर्व्हिसिंगला तडकलेले मिळते.