स्केटपार्कच्या बैठकीत मुलांना का बोलावतात?

नवा स्केटपार्क, म्हणजे चाकं लावलेल्या फळीवर (स्केटबोर्डवर) उभं राहून खेळण्यासाठी उतार-वळणं बांधलेलं मैदान, करायचा तर आधी रहिवाशांच्या हरकती-सूचना, मग स्केटिंग करणाऱ्यांबरोबर बैठक आणि नंतर सुधारित आराखडा, हा क्रम आता अनेक देशांत रुळला आहे. तो रुळायला तीसेक वर्षं लागली. त्याआधी खासगी पार्क बुडाले आणि सरकारी पार्क ओस पडले.

ॲरिझोनातल्या टूसॉनमध्ये १९६५ साली सुरू झालेला पार्क खास स्केटबोर्डसाठी बांधलेला पहिला पार्क मानला जातो. तेव्हाची चाकं कडक आणि ठिसूळ. खड्याला अडली की पोरगं तोंडावर आपटायचं. ती लाट लवकरच ओसरली. १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला फ्रँक नॅसवर्दी यांनी पॉलियुरेथेन या लवचीक प्लास्टिकची चाकं बाजारात आणली आणि बोर्डाला पकड आली. त्यात कॅलिफोर्नियात दुष्काळ पडला, घरोघरचे पोहण्याचे तलाव कोरडे राहिले आणि मुलं त्यांच्या गोलाकार भिंतींवर चढू लागली. १९७६ मध्ये कॅलिफोर्नियात कार्ल्सबाड आणि फ्लोरिडात पोर्ट ऑरेंज इथे काँक्रीटचे पार्क उघडले. पाठोपाठ तिकीट लावून चालणारे पार्क धडाधड निघाले.

ते बुडवले मुख्यतः विम्याने. अपघातांच्या दाव्यांची धास्ती, वाढते हप्ते आणि त्यातच ओसरलेली गर्दी. १९८०च्या दशकात बहुतेक मालकांनी खड्डे बुजवून जमिनी विकल्या. फ्लोरिडातल्या जॅक्सनव्हिलचा १९७७चा कोना पार्क टिकून राहिला, तो अपवादच. स्केटिंग मात्र थांबलं नाही. ते परसातल्या लाकडी रॅम्पवर (उतारांवर) आणि शहरातल्या पायऱ्या-कठड्यांवर गेलं. मग दंड, मनाईच्या पाट्या आणि शेजाऱ्यांच्या तक्रारी आल्या.

१९९० मध्ये अमेरिकेतल्या ओरेगन राज्यातल्या पोर्टलंडच्या बर्नसाइड पुलाखाली काही स्केटरांनी परवानगी न घेता पुलाच्या भिंतीला टेकवून काँक्रीटचा उतार घातला आणि पुढे तो वाढवत नेला. शहराने नंतर त्याला मान्यता दिली. माझ्या मते सगळ्या इतिहासात हा प्रसंग सर्वात महत्त्वाचा, कारण बांधणारे आणि वापरणारे पहिल्यांदाच इतक्या ठळकपणे एक झाले. स्केटपार्क बांधण्याचा व्यवसाय करणाऱ्या काही नामांकित मंडळींचे हात तिथेच तयार झाले.

कायद्याची अडचण कॅलिफोर्नियाने सोडवली. १९९७ मध्ये संमत झालेल्या कायद्याने स्केटबोर्डिंगला धोकादायक क्रीडाप्रकारांच्या यादीत घातलं आणि १४ वर्षं व त्यापुढच्या वयाच्या स्केटरला दुखापत झाली तर सार्वजनिक संस्थांना काही अटींवर जबाबदारीतून सूट दिली. त्यानंतर तिथल्या नगरपालिकांची भीड चेपली.

पण घाईघाईने उभे राहिलेले अनेक पार्क वाया गेले. खेळसाहित्य विकणाऱ्याच्या कॅटलॉगमधून तयार रॅम्प निवडायचे आणि जुन्या टेनिस कोर्टावर मांडून फीत कापायची! रॅम्पच्या तळाशी जमिनीला टेकणारी लोखंडी पट्टी जराशी उचलली गेली तरी चाक तिथेच अडतं. दोन रॅम्पमध्ये वळायला जागा नसली की मुलं एकमेकांवर आदळतात. पोकळ रॅम्प आपटल्यावर ढोलासारखे वाजतात, काँक्रीटचा भरीव उतार तेवढा वाजत नाही. हे स्केटर पहिल्या बैठकीतच सांगू शकतो; निविदेत ते कुठून येणार? नामवंत स्केटबोर्डपटू टोनी हॉक यांनी २००२ मध्ये काढलेल्या प्रतिष्ठानाने पार्कांना अनुदान देताना स्थानिक स्केटरांच्या सहभागाचा आग्रह धरला. मुलांच्या हाती माती देऊन वाडग्याच्या आकाराच्या खड्ड्यांचे आणि उतारांचे नमुने करून घेणं ही काही आराखडाकारांची नेहमीची पद्धत झाली.

शेजाऱ्यांचं म्हणणं वेगळं असतं: गोंगाट, दिवे, गाड्या, रात्रीची टोळकी. त्यातलं बरंचसं रास्त आहे. घरांपासूनचं अंतर, दिवे बंद होण्याची वेळ, रस्त्यावरून आतलं दिसणं हे त्यांनाच विचारावं. गडबड होते ती या हरकतींना भिऊन पार्क गावाबाहेर ढकलला की. तिथे वाहनाशिवाय लहान मुलं पोचत नाहीत, मुली एकट्या जायला धजत नाहीत, आणि ज्या टोळक्यांची भीती होती त्यांनाच मोकळं रान मिळतं.

लंडनच्या साउथबँक या नदीकाठच्या कलाकेंद्राच्या परिसरात वाद जागेचाच होता. १९७०च्या दशकापासून स्केटिंग चालत आलेल्या तळघरवजा जागेत दुकानं करायचा बेत २०१३ मध्ये पुढे आला आणि स्केटरांना जवळच नवा पार्क देऊ केला गेला. त्यांनी तो नाकारला. २०१४ मध्ये झालेल्या करारानुसार जुनी जागा स्केटिंगसाठीच राहिली.