ओल्या वाळूचा भरवसा

ओहोटीला काशीद किंवा दापोलीजवळच्या मुरूडला गेलं, की पाण्यालगतचा ओला पट्टा डांबरी रस्त्यासारखा टणक वाटतो. त्या भरवशावर लोक गाडी खाली घालतात. पण तो टणकपणा फार थोड्या वेळाचा असतो.

तिथे एकदा पाय दाबून बघा. पावलाभोवतीची वाळू क्षणभर कोरडी, फिकट दिसते. ऑस्बर्न रेनॉल्ड्स या शास्त्रज्ञाने १८८५ साली याचं कारण सांगितलं. घट्ट बसलेले कण दाबाने एकमेकांवर चढू लागतात, त्यांच्यातली जागा वाढते आणि वरचं पाणी आत ओढलं जातं. तेवढ्यापुरती वाळू घट्ट होते. गाडी थांबली की पाणी पुन्हा भरतं. मग चाक जागीच फिरलं, की कणांची पकड सुटते, भार पाण्यावर येतो आणि वाळू पातळ होते. अशा वेळी रेस करणं म्हणजे चाकाने स्वतःचाच खड्डा खणणं. आणि रुतलेली गाडी काढायला वेळही थोडाच असतो, कारण ओहोटीपासून भरतीला जेमतेम सहा तास लागतात.

मग वरच्या कोरड्या वाळूतून न्यावी? टायरची हवा उतरवली तर तो पसरतो, वजन विभागलं जातं आणि गाडी निघतेही. पण तिथेच मर्यादवेल ही वाळूवर पसरणारी वेल वाळू धरून ठेवते आणि साधारण नोव्हेंबर ते मार्चमध्ये ऑलिव्ह रिडले कासवं दीड फूट खोल खड्ड्यात शंभरेक अंडी घालतात. वेळास, आंजर्ल्याचे कासवमित्र ती अंडी उचलून सुरक्षित कुंपणात नेतात. तरी प्रत्येक घरटं सापडतंच असं नाही. चाकाखाली दबलेल्या वाळूतून पिल्लांना वर येणं जड जातं. आलीच, तर चाकोरीची कड चार सेंटीमीटरच्या पिल्लाला भिंतच असते. ती ओलांडता येत नाही म्हणून ते चाकोरीतूनच चालत राहतं, समुद्र बाजूलाच राहतो, आणि तेवढ्यात कावळे, कुत्रे गाठतात.

म्हणून माझं स्पष्ट मत आहे, की कोकणात गाडी गावातच लावावी आणि पुळणीवर चालत जावं.

केरळात कण्णूरजवळ मुळप्पिलंगाडच्या किनाऱ्यावर गाडी चालवायला परवानगी आहे. तिथे जाल तर भरतीची वेळ आधी पाहा, भरतीरेषेच्या खालून संथ चालवा, पाण्याने चकाकणारी वाळू टाळा. रुतलीच, तर आधी ॲक्सिलरेटरवरचा पाय उचला. चाकांपुढची वाळू हाताने काढा, हवा कमी करा, सगळ्यांना खाली उतरवा, आणि तरीही हलली नाही तर भरतीची वाट न बघता जवळच्या वस्तीतून ट्रॅक्टर बोलवा.